पितळ एकीकडं, लोखंड एकीकडं

गुलबर्ग्यात आम्ही राहतो त्या घराच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक खोली आहे. आधीचे मालक तिच्यात स्कूटर लावायचे. आता तिथं माझा चामड्याचा कारखाना आहे. कारखाना हा शब्द माझ्या नवऱ्यानं थट्टेत वापरला आणि तोच राहिला. आत एक शिलाई मशीन, कापायचं टेबल, ठोकायला ऐरण, चामडं कापायच्या दोन-तीन राप्या, भोकं पाडायच्या आऱ्या आणि आम्ही दोघी बायका.

दुसरी बाई म्हणजे अक्का. ती बिदर जिल्ह्यातल्या मेहकरकडची. तिच्या सासरी पूर्वी मेंढरं होती, आता थोडी शेती आहे. मुलांच्या शाळेसाठी ती आणि तिचा नवरा शहरात आले. मशीन अक्का चालवते, कापणं आणि ठोकणं माझ्याकडं. मी हे काम इथंच एका प्रशिक्षणात शिकले. शिकवणारे गुरुजी पिढ्यान्‌पिढ्या याच धंद्यातले होते. आमच्या घराण्यात मात्र सगळे मास्तर नाहीतर कारकून, त्यामुळं सुरुवातीला नातेवाइकांत बरीच कुजबुज झाली. नवरा माझ्या बाजूनं उभा राहिला आणि कुजबुज हळूहळू जुनी झाली.

पिशवी बघणाऱ्याला चामडं दिसतं. करणाऱ्याचा अर्धा जीव मात्र बारीकसारीक सामानात अडकलेला असतो. पट्ट्याला बकलं, दोरी ओवायला कड्या, झाकणाला टिचबटणं, आणि जिथं शिवणीवर भरवसा नाही तिथं रिपिटा. रिपीट म्हणजे एक बारीक खिळा आणि त्याच्यावर बसणारी टोपी. दोन्हीच्या मधे चामडं धरायचं आणि हातोड्याचा ठोका द्यायचा. टिचबटणाचे तर चार भाग, त्यातला एक हरवला की उरलेले तीन फुकट. शिवाय प्रत्येकाची मापं वेगळी, रंग वेगळे. हे सगळं मी मिळेल त्यात भरून ठेवत होते. श्रीखंडाचे डबे, औषधाच्या बाटल्या, मिठाईचे खोके. कशात काय आहे ते मला ठाऊक असायचं. अक्काला नसायचं, म्हणून ती दिवसभर मला विचारायची आणि मी दिवसभर उठून देत राहायचे. हे सगळे डबे भिंतीवरच्या फळ्यांच्या मांडणीवर होते, एकावर एक.

माझ्या सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. बिदरकडच्या संतपूरला शेत आहे, घर आहे, आणि तिकडच्याच मराठी शाळेत विज्ञान शिकवून ते हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून वस्तरा गळून पडला आणि त्यांना तो उचलता येईना. उजवं अंग गेलं होतं. दवाखान्यातून त्यांना सरळ आमच्याकडंच आणलं, सोबत आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. पाय लवकर सुधारला. काठी घेऊन ते घरभर फिरायला लागले. बोलणं जरा जड झालं होतं, तेही सुटलं. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथंच राहायचा.

मामांनी माझ्या कामाला कधी विरोध केला नाही. तरीही या घरात ते पूर्वी जेव्हा जेव्हा आले, तेव्हा मागच्या खोलीकडं फिरकले नाहीत. मी तिथून आत आले की हातपाय धुतले का, असं विचारायचे नाहीत, पण मी नळाकडं वळले की थांबवलेलं पेपरवाचन पुन्हा सुरू करायचे. आजारपणात अंगणातल्या खुर्चीवर ते तासन्‌तास बसत, तीही खुर्ची खोलीकडं पाठ करून. मी ते मनावर घेतलं नव्हतं. वय झालेल्या माणसाची सवय, असं म्हणून सोडून दिलं होतं.

हाताचा व्यायाम शिकवायला एक तरुण फिजिओ बाई यायच्या. कन्नड बोलायच्या, मामा कन्नडातच उत्तर द्यायचे. त्यांनी सांगितलं, ताटात तूर आणि हरभरा मिसळून द्या, उजव्या हाताच्या बोटांनी वेगवेगळं करायला सांगा. आमच्या घरी तुरीला तोटा नव्हता. आत्या रोज सकाळी ताट समोर ठेवायच्या आणि मामा नाक मुरडत एकेक दाणा उचलायचे. दाणा निसटायचा, पुन्हा उचलायचे. आठवडाभरात जरा जमायला लागलं.

मग एक दिवस ते पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी पाहिलं की आत्या निवडलेले दोन्ही ढीग पुन्हा एकत्र करत आहेत.

मी तिथंच कणीक मळत होते. मामा दारात काठीवर टेकून उभे राहिले.

"निवडलेलंच परत मिसळायलाव का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

आत्या गडबडल्या. व्यायामच तर आहे, असं काहीतरी म्हणाल्या. मामा खुर्चीवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी ताट समोर आलं तेव्हा त्यांनी ते डाव्या हातानं बाजूला सारलं. फिजिओ बाईंनी समजावलं, नवऱ्यानं समजावलं, पण काही उपयोग झाला नाही. चाळीस वर्षं मुलांना शिकवलेल्या माणसाला खोटं काम दिलं होतं, आणि ते त्याला कळलं होतं. हात पुन्हा मांडीवर पडून राहायला लागला. आत्या रात्री माझ्याजवळ रडायच्या.

त्याच सुमाराला आमच्याकडं एक चांगलं काम आलं होतं. बिदरमध्ये बिदरीच्या, म्हणजे काळ्या धातूवर चांदीची नक्षी असलेल्या, वस्तू विकणाऱ्या एका दुकानदाराला लहान लहान डब्यांसाठी चामड्याच्या थैल्या हव्या होत्या. प्रत्येक थैलीला एक टिचबटण आणि कडेला दोन रिपिटा. मी बरंच सामान आणून मांडणीच्या वरच्या फळीवर चढवलं. अक्का म्हणाली होती, ताई, भिंत जुनी हाय, एवढं वजन नका ठेवू. मी बघू म्हणाले.

दुपारी मी घरात चहा टाकत होते. मागून आधी कुरकुर ऐकू आली आणि मग एकदम मोठा आवाज. धावत गेले तर मांडणी भिंतीच्या गिलाव्यासकट खाली आलेली. अक्का मशीनवर होती म्हणून वाचली. सगळे डबे फुटले, उघडले, आणि शहाबादी फरशीवर बकलं, कड्या, रिपिटांचे खिळे, टोप्या, बटणांचे भाग असे पसरले की पाय ठेवायला जागा नव्हती. काही अजून घरंगळत होते. अक्का तोंडावर हात ठेवून उभी होती. मी उंबऱ्यावरच बसले.

आवाज ऐकून मामा काठी टेकत अंगण ओलांडून आले. खोलीच्या दारापर्यंत ते पहिल्यांदाच आले होते. कोणाला लागलं का, हे त्यांनी आधी विचारलं. मग फरशीकडं बघत राहिले.

मी अक्काला म्हणाले की खराट्यानं सगळं गोळा करून पोत्यात भरू आणि नवीन आणू, कारण हे निवडायला महिना जाईल आणि आपल्याला वेळ नाही. त्यावर मामांनी विचारलं, "ह्यात चामडं न्हाई ना?"

मी म्हटलं, नाही, सगळं धातूचं आहे.

"मग परातीत भरून दे मला."

आत्यांची मोठी पितळी परात आणली. अक्कानं खराट्यानं सामान गोळा केलं, माती-गिलावा चाळणीनं काढला आणि परात भरून अंगणात खुर्चीसमोर स्टुलावर ठेवली. मामा कामाला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त बकलं वेगळी केली, कारण ती मोठी होती आणि हातात यायची. तरी थकले. पण संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा त्याला बोलावून त्यांनी बकलांचा ढीग दाखवला. दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या परात मागितली. आत्या माझ्याकडं बघून हसल्या आणि लगेच आत निघून गेल्या.

रिपिटांच्या टोप्या म्हणजे तुरीपेक्षा बारीक. त्या उचलताना मामांच्या कपाळावर घाम यायचा. सुटली की खाली वाकून शोधायचे, कोणाला शोधू द्यायचे नाहीत. डाव्या हातानं मदत घ्यायला त्यांनी स्वतःच बंदी घातली. मी येता-जाता बघायचे. जे काम पुन्हा मिसळलं जाणार नाही ते करताना त्यांची बोटं वेगळीच चालत होती. फिजिओ बाई आल्या, त्यांनी परातीत डोकावून पाहिलं आणि तूर-हरभऱ्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

पण एका गोष्टीनं मामा अडले. चंदेरी रंगाच्या रिपिटांच्या दोन जाती त्यांना जाणवत होत्या. दिसायला सारख्या, हाताला जरा वेगळ्या. मी म्हटलं, दोन्ही पितळच आहेत, वरून निकेलचा मुलामा आहे, सामान देणारा दुकानदार तसंच सांगतो. मामांनी मान हलवली. माळ्यावर एक बंद पडलेला जुना स्पीकर होता. नवऱ्याकडून तो उतरवून, खोलून, त्यांनी आतलं लोहचुंबक काढून घेतलं आणि रुमालात गुंडाळून परातीवरून फिरवलं. अर्ध्याहून जास्त रिपिटा उडी मारून रुमालाला चिकटल्या. काही बकलंही.

"पितळ चिकटत न्हाई माय," मामा म्हणाले. "हे लोखंड हाय."

आवाज अगदी वर्गातला होता. मी तो आवाज आजारपणानंतर पहिल्यांदा ऐकत होते.

मग त्यांनी मला बसवून घेतलं आणि विचारलं, तुझ्या पिशव्यांना कधी काळे डाग पडले का? पडले होते. आदल्या पावसाळ्यात दोन-तीन पिशव्या परत आल्या होत्या, रिपिटांच्या भोवती शाईसारखे डाग घेऊन. मी चामड्याला दोष दिला होता, चामडेवाल्याशी भांडलेही होते. मामांनी विचारलं, चामडं कशात कमावतात? मी सांगितलं, झाडाच्या सालीत, हिरड्यात. ते म्हणाले, लहानपणी आम्ही हिरड्याच्या पाण्यात गंजका खिळा टाकून शाई करायचो. तुझ्या पिशव्यांवर तीच शाई उतरायलीय.

ऐकून मला आधी हसू आलं आणि मग आठवलं, थैल्यांचा मोठा ढीग तयार होऊन कोपऱ्यात पडला होता. मी आणि अक्कानं लोहचुंबक घेऊन एकेक थैली तपासली. बऱ्याच थैल्यांच्या रिपिटा चिकटल्या. अक्का म्हणाली, गिऱ्हाइकाला आता कुठं कळणार हाय? पण तिलाही ते पटलेलं नव्हतं, तोंडाकडं बघून समजत होतं. मी बिदरच्या दुकानदाराला फोन करून सगळं जसं होतं तसं सांगितलं. तो भला माणूस. म्हणाला, लवकर कळलं ते बरं झालं, थोडा उशीर चालेल. आम्ही पक्कड घेऊन रिपिटा तोडायला बसलो.

आता पितळेच्या रिपिटा भराभर लागणार होत्या, म्हणजे नीट ठेवायलाही हव्या होत्या. मांडणी नवीन केली, या वेळी लोखंडी अँगलची, जमिनीवर उभी राहणारी. झाकणाच्या, सारख्या मापाच्या बरण्या आणल्या, आतलं दिसावं म्हणून पारदर्शक. नावं घालायचं आणि लावायचं काम मामांनी मागून घेतलं. डाव्या हातानं सावकाश, वाचता येईल अशा अक्षरात चिठ्ठ्या लिहिल्या आणि शाळेच्या हजेरीपटासारख्या बरण्या अक्षरानुसार लावायला सांगितल्या. आधी भोकांच्या कडेला बसवायची आयलेटं, मग कड्या, टिचबटणं, बकलं, रिपिटा, हूक. ते अंगणातून सांगायचे, मी आत लावायचे.

दोन दिवसांत ती व्यवस्था कोलमडली. मी टिचबटण म्हणते, अक्का गुंडी म्हणते, सामानाचा दुकानदार प्रेस बटन म्हणतो. मी कडी म्हणते तिला अक्का रिंग म्हणते. शिवाय अक्का कन्नड शाळेत शिकलेली, मराठी चिठ्ठ्या तिला अडखळत वाचाव्या लागायच्या. ती टच्या जागी गच्या रांगेत शोधायची आणि शेवटी मलाच हाक मारायची. एकदा वैतागून ती अंगणात गेली आणि मामांसमोर उभी राहिली.

"अप्पा, तुमचं काय चुकलं न्हाई," ती म्हणाली, "पण माझ्या हाताला अक्षर दिसत न्हाई. वस्तू दिसायला पायजे."

मामा जरा ताठ झाले. हेडमास्तरांच्या मांडणीत चूक काढलेली त्यांना आवडली नसावी. संध्याकाळी मला म्हणाले, बारीक तार आण. मग प्रत्येक बरणीच्या गळ्यात आतल्या वस्तूचा एक नमुना तारेनं बांधायचं त्यांनी ठरवलं. तार ओवायची, पिळायची, टोक आत दुमडायचं, सगळं उजव्या हातानं. पहिल्या बरणीला त्यांना अर्धी सकाळ लागली, तार तीनदा तुटली. शेवटच्या बरण्यांपर्यंत ते अक्काशी गप्पा मारत तार पिळायला लागले होते. तिच्या सासऱ्यांनी मेंढरं घेऊन कुठकुठं पावसाळे काढले ते तिला विचारायचे. तीही मशीन थांबवून सांगायची, आणि मला खोकून आठवण करून द्यावी लागायची की काम पडलंय.

तरी अक्षराचा क्रम काही जमेना. एका थैलीसाठी मला चार रांगांत हात घालावा लागत होता. मामांनी विचारलं, मग तुला कसं पाहिजे? मी म्हटलं, थैलीचं सगळं एका ट्रेमध्ये, पट्ट्याचं सगळं दुसऱ्यात. जे एकत्र लागतं ते शेजारी. त्यांना ते कळलं, पण पुढचा प्रश्न आला की रिपिटांची चार मापं का, एकच का ठेवत नाही. मी सांगायला गेले की चामडं जाड तर खिळा लांब, पातळ तर आखूड. आखूड पडला तर टोपी धरत नाही, लांब झाला तर ठोक्यानं वाकतो. सांगून काही उपयोग नव्हता. दाखवायला हवं होतं, आणि दाखवायचं म्हणजे चामडं.

मी पट्ट्याचे दोन तुकडे आणि थैलीचे दोन तुकडे घेऊन अंगणात आले आणि जरा लांबच धरून दाखवायला लागले. मामा बघत होते. मग त्यांनी हात पुढं केला. उजवा हात. मी तुकडे त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी अंगठा फिरवला, एक तुकडा दुमडून पाहिला, नाकाजवळ नेला. मला वाटलं आता देतील परत.

"मऊ हाय की," ते म्हणाले.

आत्या दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर सावरला.

त्या दुपारी मामांनी मला एक गोष्ट सांगितली. त्यांच्या लहानपणी शेतातल्या विहिरीवर मोट होती. बैल ओढायचे आणि चामड्याच्या त्या मोठ्या पिशवीतून पाणी पाटाला पडायचं. ते पाणी सगळे ओंजळीनं प्यायचे. मोट फाटली की गावाच्या कडेचा एक म्हातारा शिवून द्यायला यायचा. तो अंगणाच्या बाहेर दगडावर बसायचा, आणि त्याला तहान लागली की मामांची आजी वरून त्याच्या हातावर पाणी ओतायची.

"मोटेचं पाणी आम्ही प्यालो," मामा म्हणाले, "मोट शिवणाऱ्याला ओसरीवर घेतलं न्हाई. पोरांना विज्ञान शिकवलं आन् हे कधी मनातच आलं न्हाई बघ."

तुकडे अजून त्यांच्या हातातच होते. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं की पट्ट्याला कुठलं माप लागेल, आणि बरण्यांतून दोन खिळे काढून स्वतःच लावून पाहिले.

दुसऱ्या दिवसापासून खुर्ची खोलीत आली. कोणी सांगितलं नाही, अक्कानं उचलून आणली आणि खिडकीजवळ ठेवली. मामा आत येऊन बसले. मग ट्रे लावायचं काम झपाट्यानं झालं, कारण कुठली वस्तू कशाला लागते ते ते डोळ्यांनी बघत होते. थैलीच्या ट्रेमध्ये बटणांचे चार भाग चार वाट्यांत, वापरायच्या क्रमानं. त्यासाठी आत्यांनी आपला जुना मिसळणाचा डबा दिला. मोहरी-जिऱ्याच्या वाट्यांत टिचबटणं बघून त्या स्वतःच हसल्या. ज्या लोखंडी रिपिटा राहिल्या त्या मामांनी वेगळ्या बरणीत भरल्या आणि बरणीला लाल चिंधी बांधली. त्या आम्ही कापडी पिशव्यांना वापरतो, तिथं डाग पडत नाही.

थैल्या बिदरला गेल्या. दुकानदारानं पुढचं काम दिलं. या सगळ्यात मामांचा हात पूर्वीसारखा झाला, असं म्हणता येणार नाही. शर्टाची बटणं ते लावतात, पण वरचं एक आत्यांना लावावं लागतं. पेन धरतात, अक्षर वेडंवाकडं येतं म्हणून चिडतात. फिजिओ बाई आता महिन्यातून एकदाच येतात.

एक दिवस त्यांनी हातोडा मागितला. मी बाजूचा लहान लाकडी हातोडा दिला आणि ऐरणीवर थैली धरली. पहिला ठोका माझ्या बोटाजवळ पडला, रिपीट तिरकी झाली. अक्का मशीन थांबवून बघत होती. दुसरी लावली, तीही वाकली. मामा म्हणाले, धरू नकोस, बाजूला हो. तिसरी बसली. त्यांनी नखानं टोपी हलवून पाहिली. ती हलली नाही. मग त्यांनी थैली अक्काकडं फेकली आणि ती तपासायला सांगितली. अक्कानंही नख लावून पाहिलं, व्हय अप्पा, बसलीय म्हणाली आणि थैली चांगल्या मालाच्या ढिगावर ठेवली. ती थैली कुठल्या गिऱ्हाइकाकडं गेली असेल, मला माहीत नाही.

आता बाजारात सामान आणायला मामा माझ्यासोबत येतात. रिक्षातून उतरून, काठी टेकत, दुकानदारासमोर स्टुलावर बसतात आणि खिशातून लोहचुंबक काढतात. पहिल्या वेळी मला फार लाज वाटली. दुकानदारही रागावला, म्हणाला, गुरुजी, इतकी वर्षं माल द्यायलोय. मामा कन्नडात शांतपणे म्हणाले, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही, तुम्हालाही कोणीतरी तसंच सांगितलं असणार. तिथंच त्याच्या समोर त्याच्याच डब्यांवरून चुंबक फिरवलं. दुकानदार स्वतः खुर्ची ओढून बघत बसला. पुढच्या खेपेला त्यानं पितळ आणि लोखंड वेगवेगळ्या कप्प्यांत लावलेलं होतं आणि चहा मागवला होता.

गेल्या तुरीच्या राशीला मामा आणि आत्या संतपूरला जाऊन आले. निघताना मामांनी मला सांगितलं होतं की मोट शिवणाऱ्या त्या म्हाताऱ्याचा नातू गावातच आहे, त्याला विचारतो, आपल्याकडं कामाला येतो का. हाडीमाशी खिळलेली कला असेल, म्हणाले. मला जरा शंका होती.

परत आले त्या दिवशी ते आधी सरळ मागच्या खोलीत आले. खुर्चीवर बसून घाम पुसला. मी विचारलं, भेटला का?

भेटला. तो मालाचा टेम्पो चालवतो, नवं पक्कं घर बांधलंय, मुलगी बिदरला कॉलेजात आहे. मामांचं बोलणं त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, गुरुजी, आमच्या आजोबांनी लई शिवलं, आता बास.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. बरोबर हाय त्याचं," मामा म्हणाले. "म्या कामून गेलो विचारायला, तेच कळंना."

मग त्यांनी सांगितलं की त्यानं आत बसवलं, बायकोनं चहा केला, आणि ते तिथं बराच वेळ बसले. त्या मुलीला रसायनशास्त्र अवघड जातं. मामांनी तिला फोन नंबर दिला आहे, सुट्टीत येते म्हणाली. आत्यांनीही चहा घेतला का, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. तेवढ्यात आत्या मागून आल्या आणि अक्काला म्हणाल्या की तिथली बाई चहात आलं फार छान घालते, तसा करून बघायचाय.

मामांचं लक्ष तोवर टेबलाखालच्या खोक्याकडं गेलं होतं. ते नसताना बकलांचं नवीन पार्सल आलं होतं आणि आम्ही ते उघडलं नव्हतं. त्यांनी काठीनं खोका जवळ ओढला, उजव्या हातानं दोरीची गाठ चाचपली आणि अक्काकडं ब्लेड मागितलं.